भिंतीकडचा बोल्ट

पंचवटी, नाशिक
वसुबारसेच्या आदल्या दिवशी, १९९८

ती. रंगनाथदादास नवसाचा नमस्कार.

गिरणी झाडून झाली होती, जात्याच्या तोंडावरचं आदल्या दिवसाचं पीठ काढून झालं होतं, आणि मी परातीत ह्यांचे नट-बोल्टांचे पाने धूत बसले होते. खंडेनवमीची सकाळ. हे होते तेव्हा पाने तेच पुसायचे, मी फक्त पूजेचं ताट घेऊन यायची. यंदा दोन्ही कामं माझ्याकडे आली. (वहिनींचा गुडघा कसा आहे? तिकडे थंडी पडली असेल, त्यांना सकाळी ओट्यावर बसू देऊ नकोस. चाळीतला कांदा विकलास, की अजून भावाची वाट बघतोयस?) तर पाने पाटावर मांडले, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. रॅचेटवर जरा जास्तच टाकल्या, कारण तो ह्यांचा सगळ्यात लाडका. रॅचेट म्हणजे असा पाना, जो नटावर बसवला की सारखा काढून लावावा लागत नाही. नुसता मागेपुढे हलवायचा. पुढे जाताना नट आवळतो, मागे येताना कटकट करत मोकळा येतो. त्या आवाजाला मी संसारभर कंटाळले होते.

दसरा झाला आणि दोन-चार दिवसांत गिरणीचा पट्टा सैल पडला. गहू टाकले की पट्टा किंचाळायचा आणि जातं आळसावून फिरायचं. मोटर जरा मागे सरकवून तिच्या पायाचे बोल्ट आवळायचे, एवढंच काम. बाकीचे बोल्ट कुणालाही जमतात. एक भिंतीकडे आहे. तिथं मोटर आणि भिंत यांच्यात जेमतेम चार बोटं जागा. (बायकांना बसायला बाकडं हवं म्हणून मीच मोटर भिंतीला लावून घेतली होती. तेव्हा ह्यांनी नुसता रॅचेट विकत आणला.) साधा पाना तिथं फिरतच नाही. रॅचेट घातला, तर तो पुढेही जाईना आणि मागेही येईना. अक्षता, कुंकू आणि धुतल्याचं पाणी, तिघांनी त्याच्या तोंडात बिऱ्हाड थाटलं होतं.

आता तुझी अट आठव. वर्षश्राद्धाला सगळ्यांदेखत म्हणालास, दिवाळीपर्यंत गिरणी एकटीनं चालवून दाखव, नाहीतर भाऊबीजेला टेम्पो घेऊन येतो, गिरणी विकू आणि तू चांदवडला चल. त्यात माया आहे, मला कळतं. पण टेम्पोत माझी ट्रंक मावेल, दादा. सकाळी उठून मी झाडायचं काय?

इकडे दिवाळीचे डबे रांगेला लागले. शेजारच्या लंकाबाई चकलीची भाजणी घेऊन रोज बाकड्यावर. "काय गं नवसे, दिवाळीची दळतेस का होळीची?" मी म्हटलं, "आज-उद्या होईल." "मागच्या आठवड्यातलं आज का ह्या?"

धाकटे दीर वाल्मीकभाऊजी अंबडला कारखान्यात असतात, म्हणून त्यांना निरोप धाडला. म्हणाले, वहिनी, मोटरीत हात घालू नका, मी रविवारी येतो. रविवार आला, ते आले नाहीत. पुढच्या रविवारी आले ते हातभर लांब, आरशासारखा चकचकीत रॅचेट घेऊनच. "वहिनी, हा विमानाला चालेल!" मी म्हटलं, "भाऊजी, विमान कुणी भिंतीला चिकटवून ठेवत नाही." ते हसले, आडवे झाले, आणि पहिली कट व्हायच्या आत दांडी भिंतीवर आपटली. गिलाव्याचा पोपडा त्यांच्या डोक्यावर पडला. मग चहा होईपर्यंत, भिंत कशी चुकीच्या जागी बांधली आहे ते सांगत राहिले.

ते रॅचेट इथंच ठेवून गेल्यावर मी त्याच्या खोक्यातला कागद उघडला. (पुडीचा कागदही मी वाचल्याशिवाय टाकत नाही, हे चिडवायचे त्यावरून.) इंग्रजी अडलं, चित्र कळलं. आत दातांचं चाक असतं. दात मोठे असले की दांडी लांबवर न्यावी लागते. बारीक असले की जरा हलवली तरी पुढचा दात धरते. कंगवा आणि फणी यांच्यातला फरक, दुसरं काही नाही.

आज सकाळी भाऊजींचा रॅचेट बदलून घ्यायला, तो जिथून आणला होता ते रविवार कारंजावरचं दुकान गाठलं. दुकानदार दांडीकडे बघून म्हणाले, "मावशी, पूजा केलेला माल परत घेत नाही." (नवी वस्तू घरात आली की हात आपोआप कुंकवाकडे जातो.) मी म्हटलं, "बोट दांडीला लावलंय, तोंडात नाही. या वेळी शहाणी झालेय," आणि पदरानं पुसून दिला. मग खिळ्यांची दोन खोकी चार बोटांच्या अंतरानं काउंटरवर ठेवायला लावली, मधे त्यांनाच बोल्ट धरायला लावला आणि एकेक रॅचेट हलवून बघितला. "मावशी, मागे गिऱ्हाईक उभं आहे." "माझ्या मागे अख्खी गल्ली उभी आहे." शेवटी बुटक्या दांडीचा, फणीच्या दातांचा आणि मागून झाकण असलेला घेतला, म्हणजे पीठ आत जाणार नाही. दिसायला इतका साधा की वाल्मीकभाऊजींना दाखवायची लाज वाटावी.

घरी येऊन पोतं अंथरलं, कुशीवर आडवी झाले, हात आत घातला. कट, कट, कट. दादा, तो आवाज गिरणीत परत आला आणि मी पाना तसाच धरून पडून राहिले. मग नट पुरता आवळला. उठले तेव्हा पट्टा ताठ होता आणि माझा जीव भांड्यात पडला होता.

तुझी,
नवसा

ता. क. भाऊबीजेला टेम्पो आणू नकोस. वहिनींना घेऊन एस.टी.नं ये. ओवाळणीला साडीही नको. पाण्याच्या पंपाचा नट मोठा आहे, त्या मापाची गोटी आण, रॅचेटच्या तोंडाला लावायची.

आणखी एक. पत्र टाकायचं राहिलं म्हणून लिहिते. जुना रॅचेट रॉकेलमध्ये बुडवून ठेवला होता. तो आपटला तर आतून अक्षतेचा दाणा पडला आणि आता तो नव्यापेक्षा बरा चालतो. म्हणजे दुकानाची एवढी यात्रा एका तांदळासाठी. भाऊजींना सांगू नकोस. तू आलास की जुना तुझ्या हातात देईन, भिंतीकडचा बोल्ट एकदा तूही आवळून बघ.

बाकी, बोल्ट आवळला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी झाडली, जात्याचं तोंड पुसलं आणि लंकाबाईंची भाजणी दळली.