बाबांचे सहा मासे

लोरेन, ओहायो
४ डिसेंबर

प्रिय डोरीन,

तू आणि मुलं मजेत असाल. इथे मंगळवारपासून बर्फ भुरभुरतंय. पायऱ्यांवर मीठ टाकलंय, बाबांच्या खोलीतला हीटर दुरुस्त करून घेतलाय, गोळ्या मी स्वतः हातावर ठेवतो आणि ते गिळेपर्यंत उभा राहतो. तू पाठवलेल्या गोड पेकन पायचा शेवटचा तुकडा काल त्यांनी संपवला. कडा नेहमीसारख्या ताटात सोडल्या.

रविवारी फोनवर तू फार खुशीत होतीस. मी पाठवलेला बोटीवरचा फोटो छापून घेऊन फ्रिजवर लावला म्हणालीस. बाबा दहा वर्षांनी लहान दिसतात म्हणालीस. आणि मग, सप्टेंबरपासून ज्यावर आपण भांडतोय ते तू एका वाक्यात सोडून दिलंस. "तुझंच खरं होतं, नील. इथे आणून मी त्यांना काय दाखवणार, निवडुंग? राहू दे त्यांना सरोवराजवळ, आपल्या माणसांत." मी थँक्स म्हणालो आणि फोन ठेवला. ते थँक्स म्हणायला नको होतं. फोनवर पुन्हा बोलायला गेलो तर तू हसशील आणि मी तुला हसू देईन. म्हणून लिहितोय.

मासेमारीची सफर उत्तम झाली हे आधी सांगतो, कारण ते खोटं नाही. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, हंगामातली शेवटची खेप. सोमवारी बोट पाण्याबाहेर काढून हिवाळ्यासाठी गुंडाळायची होती. बोट रसची. रस तुला आठवत असेल, माझ्या वर्गातला, आपल्या गॅरेजची काच फोडणारा. बरोबर त्याचा मेहुणा व्हिन्स. नोव्हेंबरात ईरी सरोवर इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. वॉलाय मासे थंडीआधी खाऊन खाऊन माजलेले, एकेक हातभर. माणशी सहाची मर्यादा, आम्ही चौघं, चोवीस मासे घेऊन जेवायच्या वेळेला परत. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रसनेच आठवणीने सांगितलं होतं की बाबांना घेऊन ये, म्हातारा खूश होईल.

मी निरोप दिला तेव्हा बाबांनी विचारलं, "रसने स्वतः विचारलं?" मी हो म्हणालो. मग ते तळघरात गेले आणि संध्याकाळभर खालीच होते. आपला जुना काठीचा गळ काढला, चक्रीला तेल दिलं, दोरी बदलली. हात थरथरतात हे तुला माहीत आहे. गाठ तीनदा सुटली. मी पुढे झालो तर म्हणाले, "तुझी गाठ मी शिकवलेली आहे. वर जा."

तो गळ पाण्यावर गेलाच नाही. धक्क्यावर रस म्हणाला, आज सगळे गळ एका मापाचे लागतात, हा मध्ये गुंतेल. गळ माझ्या ट्रकमध्ये ठेवला. मीच ठेवला.

बोटीवर बाबांना केबिनमध्ये हीटरपाशी बसवलं. डेकवर निसरडं होतं, हेही खरंच. बोट हळू चालत राहते, गळ कडेला खोबणीत उभे असतात, आणि एखादा वाकला की ज्याची पाळी त्याने तो उचलायचा. पाळी चुकवत नाहीत. कायद्याने आपले सहा आपणच पकडायचे असतात, ही पाळी त्यासाठीच. चौथा मासा लागला तेव्हा बाबांची पाळी होती. ते उठायला लागले. व्हिन्सने गळ उचलला. बाबा दारात उभे राहिले तर रस म्हणाला, "मिस्टर एच, आज तुम्ही आमचे कॅप्टन. कॅप्टन बसून असतो." बाबा हसले आणि बसले.

पुढच्या फेरीत रसने उचलला. त्यानंतर कोणी पाळी मोजेना. व्हिन्स खोका भरताना मला म्हणाला, "म्हातारा भाग्याचा आहे रे. आपल्या नेहमीच्या गॅरीपेक्षा कमी खातो, कमी बोलतो, आणि मासे तितकेच."

मी हसलो, डोरीन. आधी हसलो, मग केबिनच्या काचेकडे पाहिलं. हीटरचा आवाज मोठा होता, त्यांना ऐकू गेलं नसावं. असं मी आठवडाभर स्वतःला सांगतोय.

वर लिहिलंय की रसने बोलावलं. खोडत नाही, तसंच राहू दे, म्हणजे मी अजूनही काय लिहून जातो ते तुला दिसेल. ते खरं नाही. आमचा चौथा गडी गॅरी, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रसने फोनवर कुरकुर केली की एक डोकं कमी म्हणजे सहा मासे कमी. आणि मी म्हणालो, "बाबांच्या नावाचा परवाना आहे की." तो हसला, "मग आण त्यांना." एवढंच बोलणं झालं. बाबांना काय आवडेल याचा एक शब्दही त्यात नव्हता. तुला मात्र मी गेले तीन महिने सांगतोय की त्यांची माणसं इथे आहेत. त्यांची माणसं सगळी कॅल्व्हरीच्या दफनभूमीत आहेत. इथे आहेत ती माझी.

तुला राग येईल, तरी एक जास्तीचं लिहितो, आणि तेही सौम्य करून नाही. शेवटी एक मोठा लागला. गळ माझ्या हातात होता. बाबा केबिनच्या दाराला धरून बाहेर आले आणि म्हणाले, "मी धरू?" पाळी त्यांची होती, तीही किती वेळची साठलेली. मी म्हणालो, "बाबा, हा मोठा आहे. निसटेल." ते माझ्या मागे उभे राहिले. निसटला असता तर काय झालं असतं हे मला आजही सांगता येत नाही.

मासा वर आला. फोटो तेव्हाचा.

इथेच संपलं असतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो. पण धक्क्यावर वन्यजीव खात्याची अधिकारी उभी होती. तरुण मुलगी, फार अदबीची. तिने परवाने पाहिले, खोका उघडायला लावला, मासे मोजले. मग केबिनमधून उतरणाऱ्या बाबांकडे पाहिलं. त्यांना मी आणि व्हिन्स दोन्हीकडून धरून उतरवत होतो.

"सर, यातले सहा तुम्ही पकडलेत?"

रस बुटाकडे पाहत होता. तुला आठवतं, तू नऊ वर्षांची असताना तुझा पहिला मासा मापात बोटभर कमी भरला होता? तू रडून रडून लाल झालीस, आई म्हणाली राहू दे हो, कोण बघतंय. आणि बाबांनी तो तुझ्याच हाताने परत सोडायला लावला. त्याच माणसाने त्या मुलीच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "सगळे माझे."

ती हसली. तिने सहजच विचारलं, संशयाने नव्हे, की सर्वांत जास्त कोणत्या माशाने झुंजवलं. बाबा सांगू लागले. कसा तो आधी ओंडक्यासारखा जड लागला, मग बोटीखाली शिरला, दोरी वल्ह्यात अडकली आणि ती सोडवायला बायकोने डोक्याचा हिरवा रुमाल काढून हाताला गुंडाळला. इथे ते थांबले. रसच्या बोटीला वल्हं नाही. मग म्हणाले, "म्हणजे आज नव्हे. आज सोपं गेलं." ती मुलगी क्षणभर खोक्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. तिला कळलं, असं मला वाटतं. तिने बाबांचा हात हातात घेऊन दाबला आणि दुसऱ्या बोटीकडे गेली.

रसने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मिस्टर एच, तुम्ही तर नटसम्राट निघालात. पुढच्या वर्षी पण यायचं हं." व्हिन्सने कॉफी दिली. ती त्यांनी तशीच कठड्यावर ठेवली.

बाबांना ट्रकमध्ये बसवून निघालो. त्यांचा गळ आमच्या दोघांच्या मध्ये आडवा होता. ईस्ट ईरी अव्हेन्यूवर सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "गॅरीचा गुडघा कसा आहे?"

मी म्हणालो, सुधारतोय.

"उन्हाळ्यापर्यंत चालायला लागेल?"

"लागेल."

"मग बरं." आणि घर आल्यावर, दार उघडायच्या आधी, "डोरीनला विचार, तिच्याकडे ती खोली अजून रिकामी आहे का."

रविवारी तू फोनवर होतीस तेव्हा हे मला सांगायचं होतं. तू माझंच खरं म्हणालीस आणि मी ते घेतलं, जसा गळ घेतला. शुक्रवारी त्यांनी माझ्यासाठी मासे तळले, बिस्किटांचा चुरा लावून, लोण्यात, आईसारखे. स्वतः उकडलेले बटाटे घेऊन बसले. मी आग्रह केला नाही. काय म्हणून करणार होतो?

तिकीट तू काढ. मी काढलं तर परतीचंही काढीन, आणि ते त्यांना नको आहे. गळ बरोबर नेणार नाही म्हणतात, तिकडे पाणी कुठे आहे. तरी मी तो देईन. तू भिंतीवर लाव, फ्रिजवरच्या त्या फोटोच्या जागी.

तो फोटो एकदा जवळून बघ. मासा बाबांच्या हातांवर आहे, ते हसतायत, तू म्हणतेस तसे लहान दिसतायत. खाली डाव्या कोपऱ्यात, शेपटीपाशी, एक निळा हातमोजा दिसेल. थरथर फोटोत येऊ नये म्हणून मासा खालून कोणीतरी धरला होता.

तो हात,
नील