टेकडीवरचा आरसा

बाबा,

तुमची देवमाशांच्या शिकारीची होडी मी देवमासे दाखवायच्या सहलींना लावली, म्हणून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. आज तुमच्याच जुन्या सोबत्यांना घेऊन बेक्विया बेटाबाहेर शीड उभारलं. दुपारपर्यंत नुसतं पाणी. कथबर्टकाका चिडवत होते, "पोरी, बापाशिवाय तुला शेपूटसुद्धा दिसायचं नाही!"

तेवढ्यात टेकडीवर आरसा चमकला, पूर्वी शिकाऱ्यांना दिशा दाखवायला चमकायचा तसाच. आम्ही तिकडे वळलो. देवमाशाची मादी होती, कुशीला पिल्लू. काकांचा हात सवयीनं भाल्याच्या जागी गेला. तिथे आता नीरफणसाचा डबा होता. सगळे हसलो.

घरी आले तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलेले. खुंटीवरचा दाढीचा आरसा मात्र तुमच्या खिशातून डोकावत होता.

हे पत्र देणार नाही. उद्या आम्ही पुन्हा निघतोय, एवढंच स्वयंपाकघरातून मोठ्यानं बोलेन.

तुमचीच हट्टी,
व्हर्लिन