दोन मोटरी आणि टेकडीवरची टाकी

२२ सप्टेंबर, सोमवार
गावपंचायतीत शब्द देऊन आलो. बारा ऑक्टोबरला, मुलांच्या रविवारी, म्हणजे पोरांच्या सणाला, टेकडीवरच्या चर्चच्या टाकीत पंपानं पाणी चढलेलं असेल. आजवर बायका बादल्या घेऊन चढत आल्यात. त्यांची पुढारी माझीच बायको, सिनालेई. पंप फुकट. अमेरिकन सामोआतला मेव्हणा लेउता दोन जुने पाठवतोय. घराण्याच्या प्रमुखाची पदवी नुकतीच मिळालीय, काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

२४ सप्टेंबर, सकाळी १०
पंप बोटीनं आले. मोटरीवर पाटी : ११५/२३०. इकडे आपल्या सामोआत २३०. म्हणजे प्रश्नच मिटला. सिनालेई म्हणाली, आपेलुकाकांना विचारा, तीस वर्षं विजेच्या कामात होते. मी म्हटलं, पाटी वाचायला काका कशाला?

सकाळी १०.१०
पहिले दहा सेकंद अप्रतिम. मग धूर. बोटीतली दमट हवा बाधली असणार.

२७ सप्टेंबर, शनिवार
आपेलुकाका न बोलावता आले. म्हणाले, तिकडे ११५ वर चालायच्या म्हणून आतल्या वायरी तशा जोडलेल्या असतात. २३० वर चालवायची तर जोडणी बदलावी लागते. झाकणाच्या आत चित्रच आहे. आतलं चित्र बाहेरच्या माणसाला कसं दिसणार? दुसऱ्या मोटरीची जोडणी मी बदलली. हात काकांचे होते.

१ ऑक्टोबर, बुधवार
मोटर चालली! जळली नाही. पाणी चढलं, फणसाच्या वळणापर्यंत. तिथून टाकी अजून बरीच वर. पाणी तिथेच हटून बसलं.
काका म्हणाले, "तोलोवाए, व्होल्टेज जुळवलंस, पण विजेचा ठेका? तिकडं सेकंदाला साठ ठोके, आपल्याकडं पन्नास. मोटर त्या ठेक्यावरच फिरणार. हळू फिरली की पाणी वर जायचं नाही."
माझं मत वेगळं. मोटर नव्या जागेला बुजलीय. सलग चालवली की मोकळी होईल.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
मोटर सकाळपासून चालू. चांगलीच तापली. बंद करायला निघालो तोच सायंप्रार्थनेचा शंख वाजला. त्या वेळी रस्त्यावर दिसला त्याला दंड, आणि मोटर रस्त्यापलीकडच्या विहिरीवर. म्हणून नियम पाळून घरात बसलो. साऱ्या गावच्या प्रार्थनेत माझ्या मोटरीची घरघर. पाद्रीबुवांनी दोनदा आवाज चढवला.

४ ऑक्टोबर, शनिवार
प्रार्थनेत आवाज केला म्हणून पंचायतीचा दंड : एक डुक्कर, डबाबंद माशांचं एक खोकं. शिवाय टाकी बारा तारखेच्या आत भरायची, कशी ते माझं मी बघायचं. एकानं विचारलं, मोटरीची प्रार्थना पाठ झाली का. फार लाज वाटली. हे फक्त इथेच लिहितोय.

८ ऑक्टोबर, बुधवार
सिनालेईनं फणसाच्या वळणावर मोठं पिंप ठेवलं. पाणी तिथवर येतंच की, म्हणाली. मोटर अर्धा तास चालवायची, मग थंड होऊ द्यायची. बायकांची अर्ध्याहून जास्त चढण वाचली. पंचायतीनं तिचं भरभरून कौतुक केलं. मला हे उद्या सुचणारच होतं.
पिंपापासून टाकीपर्यंत मात्र माझा दंड.

१२ ऑक्टोबर, रविवार
काल दिवसभर बादल्या वाहिल्या. साठ खेपा ठरवल्या होत्या, पन्नासच झाल्या. पाणी पुरलं.
आज पांढऱ्या कपड्यांतली पोरं आधी जेवली, आम्ही मोठ्यांनी वाढलं. मी एकेकच ताट, दोन्ही हातांनी धरून नेत होतो. सिनालेई सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "लेउताच्या दोन मोटरींपेक्षा ही आमची घरची बरी. कुठल्याही व्होल्टेजवर चालते."
सगळ्या हसल्या. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी छाती काढून उभा राहिलो.
आपेलुकाकांनी पेला पुढे केला नि म्हणाले, "चालते खरी. ठेका तेवढा पन्नासचाच आहे."