आज कोण आलं नाही?

आत्याबाई, तुम्ही असता तर हे सगळं तोंडानंच सांगितलं असतं आणि मधेच तुम्ही म्हणाला असता, "लांबड लावू नगंस, मुद्द्यावर ये." तुम्हाला जाऊन लय वर्षं झाली. थोरलीचं लग्न तुम्ही बघितलं नाही, आता तिच्या पोराला मिशी फुटली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला लिहायचं म्हणजे भाकरीपेक्षा पीठच जास्त सांडतं. पण गेल्या महिन्यात आपल्या मंडळीत एक भांडण झालं, आणि त्या भांडणात माझ्या तोंडातून तुम्हीच बोलत होता. म्हटलं, ज्याचं त्याला सांगून टाकावं.

तुम्हाला आपलं पहिलं भांडण आठवतं का? मी आटपाडीकडून आलेली. आमच्या तिकडं पाऊस नाही, पाणी नाही, तर येशूचं देऊळ कुठलं? वर्षातून दोनदा पाळक सायकलवर यायचे, तेवढीच प्रभूच्या भाकरी-प्याल्याची सहभागिता. बाकीचे सगळे रविवार बापाच्या समोर, शेणानं सारवलेल्या जमिनीवर. बाप शास्त्र वाचायचा, एक गीत म्हणायचा, सूर सगळे चुकीचे, आणि मग एकेकाला विचारायचा, "आठवड्यात खोटं काय बोललास, सांग." घरातल्या उपासनेत लपायला जागा नसते. मागचा बाक नसतो. त्यामुळं तुमच्या घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी चुलीपुढून उठले नाही. म्हटलं, आमच्यात घरीच करत्यात उपासना. तुम्ही पदर सारखा करत दारात थांबलात आणि म्हणालात, "व्हय? मग तुमच्यात लग्नं बी घरातल्या घरातच लावत असतील." तुमचा लेक हसला. मला असला राग आला की मी गेले, पण वाटभर तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुमच्या हातात गाडगं होतं, ते सांभाळण्यात तुमचं लक्ष.

त्या गाडग्यावरून तर आपलं दुसरं भांडण. काठवटीत भाकरीचं पीठ घेतलं की तुम्ही पहिली मूठ उचलून कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. घरात पीठ कमी असलं तरी. मी नवी, मला भूक लय. एकदा मी मूठ टाकायची विसरले, खरं म्हणजे विसरले नाही, आणि तुम्ही न बघताच ओळखलंत. गाडगं हलवलंत आणि म्हणालात, "आज देवाला उपास घातलास व्हय?" मी म्हटलं, "देव काय भाकरी खातोय? घरी प्रार्थना केली तर ऐकत न्हाई का त्यो?" तुम्ही म्हणालात, "ऐकतोय की. पर घरी बसून प्रार्थना करणाऱ्याची मूठ घरच्याच डब्यात पडती." मला तेव्हा यातलं काही कळलं नाही. मला वाटलं, सासू आहे, बोलायचं म्हणून बोलते.

देवळात तुमची जागा दाराजवळ. भिंतीला पाठ, सतरंजीच्या काठावर. बाया पुढं सरकून बसायच्या, पाळकबाबा बोलवायचे, पण तुम्ही हलायचा नाही. मला वाटायचं वाऱ्यासाठी. उपासना चालू असताना तुमचे डोळे मिटलेले मी कधी बघितले नाहीत. मला त्याचीही चीड यायची. मला म्हणता देवळात चल, आणि स्वतः माणसं बघत बसता. आणि घरी येताना वाटेत तुमचा एकच सवाल: "आज कोण आलं न्हाई?" पाळकबाबा काय बोलले ते कधी विचारलं नाहीत. गीत कुठलं म्हटलं ते नाही. कोण आलं नाही तेवढं. आणि मी सांगितलं की तुम्ही घरी न येता गाडगं घेऊन तिकडंच वळायचा.

म्हातारे मास्तर आले नाहीत तो रविवार मला अजून दिसतो. एकटेच राहायचे, बायको गेलेली, लेक मुंबईला. तुम्ही मला ओढतच नेलंत. दार आतून लावलेलं. तुम्ही हाका मारताय, आतून काही नाही. शेजारचे बाप्ये बोलावून कडी तोडली, तर मास्तर मोरीत पडलेले, आदल्या संध्याकाळपासून. उठता येईना, ओरडून घसा बसलेला. आम्ही रडायच्या बेतात, आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणताय, "मास्तर, उपासना चुकवायला एवढं मोठं सोंग?" आणि ते त्या तसल्या अवस्थेत हसतायत. त्यांना वर घेतलं, अंग पुसलं, तुम्ही त्यांच्याच चुलीवर गाडग्यातल्या पिठाचं आंबील शिजवलं. परत येताना मी म्हटलं, "तुमाला कसं कळलं?" तुम्ही म्हणालात, "मला काय सपान पडलं व्हय? जागा रिकामी दिसली. देवाला भेटायला घर पुरतंय गं. पर माणूस आलं न्हाई, हे घरात बसून कसं कळायचं?"

आता गेल्या वर्षीचं ऐका. देवळाचं छप्पर गळायला लागलं, भिंतीला ओल आली, कमिटीनं दुरुस्ती काढली. तोवर उपासना घरोघरी करायची, पाळ्या लावून, असं ठरलं. मला तर बरंच वाटलं. गुडघे दुखतात, देवळाची पायरी चढताना देव आठवतो तो वेगळ्याच कारणानं. आणि मनात आलं, शेवटी माझ्या बापासारखंच झालं की. पहिली पाळी कमिटीच्या सेक्रेटरीकडं. पोरगा चांगला आहे, कराडला इंजिनेर झालेला, बोलायला मऊ. त्याच्या हॉलमध्ये सगळे मावले, पंखा, पांढऱ्या फरशा, उपासना झाली, चहा-बिस्किटं झाली. लोक खूश. एकमेकांची तोंडं दिसली, पोरं मांडीवर बसली, म्हाताऱ्यांना जागच्या जागी पाणी मिळालं. खरं सांगते, मलाही छान वाटलं.

दुसऱ्या घरी पोहे. तिसऱ्या घरी पोहे आणि शिरा. चौथ्या घरी इडली-सांबार, आणि इडलीवाली म्हणते कशी, "काय न्हाई ओ, आपलं साधंच." मग माझी पाळी. तुमची सून आहे मी, मागं कशी राहीन? पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि बासुंदी केली. शनिवारचा सगळा दिवस दूध आटवण्यात गेला. उपासनेला मी हजर होते, पण माझं लक्ष गॅसकडं. पाळकबाबा प्रार्थना लांबवायला लागले तसं मी मनात म्हटलं, आवरा आता, पुऱ्या गार होतायत. आमेन म्हणायच्या आधी मी उठले. तुमचा लेक माझ्याकडं बघून म्हणतो, "देवाच्या आधी कढई गाठलीस." त्याला म्हटलं, तू गप खा.

त्या दिवशी भांडी घासताना माझ्या डोक्यात आलं, हळदीच्या गोदामातली आली नाही. तुम्ही तिला ओळखत नाही, तुमच्या मागून आली. नवरा वारलेला, लेकरू नाही, सांगलीत हळदीच्या गोदामात निवडायला जाते. हात कायम पिवळे. सहभागितेचा प्याला तिच्या हातातून पुढं आला की कडेला जरा हळद लागलेली असते, आणि आमच्यातल्या काही बाया तो पदरानं पुसतात. देवळात ती कधी चुकली नाही. आणि मी आठवायला लागले, इडलीला होती का? नव्हती. शिऱ्याला? आठवेना. आत्याबाई, मला आठवेना. कारण कोणी विचारलंच नव्हतं. घरात वीस माणसं बसली की घर भरल्यासारखं वाटतं. रिकामी जागा दिसतच नाही. तिथं प्रत्येकाची ठरलेली जागाच नसते.

मी गेले तिच्याकडं. पत्र्याची खोली, गावाच्या कडेला, भाड्याची. मला बघून ती दचकली, मग खाट झाडली. मी काही गोड बोलणारी नाही, सरळ विचारलं, "का येत न्हाईस गं?"

"घरी करती की प्रार्थना, काकू."

"ते मी बी करती. मी ते विचारत न्हाई."

तिनं झाडलेली खाट पुन्हा झाडली. मग म्हणाली, "माज्या खोलीत चार माणसं बसली की पाचव्याला उनात उभं ऱ्हावं लागतंय. आन खायाला काय देऊ?"

"चहा दे. न्हाईतर काय बी देऊ नगंस."

"तुमी बासुंदी केली म्हणं."

ती पुढं म्हणाली, "सगळ्यांच्यात जायाचं, खायाचं, आन आपली पाळी आली की तोंड लपवायचं, ते बरं दिसंल का? म्हणत्याल, ही नुसती खाऊन जाती."

"कोण म्हणतंय?"

"कोण म्हणत न्हाई. म्हणून तर. म्हणायच्या आधीच थांबले."

तिनं चहा केला, बिनदुधाचा. माझ्या बापाच्या घरीही पाहुण्याला द्यायला काही नसायचं. पण आमच्याकडं कुणाची पाळी नव्हती. कुणी येणारच नव्हतं, मग लाज कुणाची धरायची? घरातली उपासना घरच्यांपुरती असते तोवर खरी असते, असं मला त्या खाटेवर बसल्या बसल्या वाटलं. तिच्यात पाहुणे आले की ती पाहुणचार होते. आणि पाहुणचार कुणाला परवडतो, कुणाला नाही. देवळात कोण कुणाचा पाहुणा नाही. तिथली सतरंजी कुणाच्याच घरची नाही, म्हणून सगळ्यांची. हे मला तुम्ही कधी सांगितलं नाही. तुमचं मुठीचं आणि रिकाम्या जागेचं होतं, हे माझं मी बघितलं.

छप्पर झालं, रंग झाला. आणि गेल्या महिन्यात कमिटीनं सभा घेतली. म्हणाले, घरोघरीच चालू ठेवू, देऊळ महिन्यातून एकदा उघडू, सहभागितेपुरतं. माणसं कमी झालीत, पोरं पुण्याला गेलीत, काही जण मोबाईलवरच बघतात. सेक्रेटरी उठला आणि समजुतीनं बोलला, "पहिली मंडळी घराघरांतच जमायची. शास्त्रात लिहिलंय." खरंच लिहिलंय, बापानंही मला ते वाचून दाखवलेलं. माझ्याकडं त्याला उत्तर नव्हतं, आजही नाही. पण गप्प बसणं मला कधी जमलं?

मी म्हटलं, "लिहिलं आसंल. पर तवा इडलीवर बासुंदी चालली नव्हती." हशा झाला. इडलीवालीनं मान फिरवली. मग मी गोदामातलीचं सांगितलं, तिचं गाऱ्हाणं म्हणून नाही, नुसतं एवढंच की किती रविवार ती आली नाही आणि आपल्यातल्या एकालाही कळलं नाही, मलाही नाही. कुणी तरी म्हणालं, तिला आम्ही कधी येऊ नको म्हटलं का? म्हटलं, न्हाई, कोण म्हणत न्हाई. सेक्रेटरी म्हणाला, "काकू, देऊळ उघडलं आन चारच डोकी आली तर?" मी म्हटलं, "मग बाकीची कुठं हायत ते बघायला उठायचं. त्यासाठीच तर उघडायचं." तो मान हलवत बसला. पटलं असं नाही म्हणणार मी. पाळकबाबा म्हणाले, नाताळपर्यंत दर रविवारी उघडून बघू, पुढचं पुढं. एवढंच झालं. फार मोठं काही जिंकले असं समजू नका.

काल पहिला रविवार होता. डोकी खरंच थोडी आली. सेक्रेटरी आला, बायको-पोरांसकट, ते मी मानलं. मी गाडगं नाही, डबा नेला. आता गाडगी मिळतात कुठं? पीठ बघून पोरं हसली. उपासना सुरू झाल्यावर गोदामातली आली, मान खाली घालून, आणि दाराजवळ भिंतीला पाठ लावून बसली. तुमच्या जागेवर.

तिला काय ठाऊक? पण माझ्या ओठांवर आलं होतं, तिथं नको बसू. गिळलं. मग डोळे उघडे ठेवून एकेक जागा बघत गेले, इडलीवाली नाही, पाटलांच्या घरामागचं म्हातारं नाही. येताना दोन्हीकडं जाऊन आले. म्हातारं तापानं पडलेलं, त्याला पीठ दिलं. इडलीवाली रुसलेली, तिला नुसत्या शिव्या दिल्या.

ही चिठ्ठी मी कुठं टाकणार? तुम्हाला कुठं वाचता येत होतं, आलेलं पत्र मीच वाचून दाखवायची आणि तुम्ही म्हणायचा, "हळू वाच, तुझी गाडी सुटत न्हाई." म्हणून इथंच ठेवते, पिठाच्या डब्यामागं. फक्त एक सांगायचं राहिलं. कोण आलं नाही हे बघायला मी दाराकडून सुरुवात करते. आणि दर वेळी, आत्याबाई, न आलेल्यांत पहिल्या तुम्हीच निघता.