घाटमाथ्यावरनं दिसलेला समुद्र

आत्याबाई, मी तुमची धाकटी सून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोची काचसुद्धा बदलून झाली. लिहायचं काही कारण नव्हतं. तुमच्या हयातीत सासू-सुना म्हणून आपण जे बोललो ते सगळ्या आळीनं ऐकलंय, त्यात उरलंसुरलं काही नाही. पण रविवारी तुमची पणती, म्हणजे माझी नात, मावळातला कुठलासा डोंगर चढून आली. चिखलाचे बूट गॅलरीत काढले, सोफ्यावर पाय घेऊन बसली आणि म्हणाली, "आजी, आपल्या घरात डोंगर चढणारी मी पहिलीच बाई." मी लसूण सोलत होते. म्हटलं, "हो का गं बाई." तिला सांगण्याआधी तुमच्याशी एकदा बोलून घ्यावं असं वाटलं. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, काना-मात्रा हुकेल. हुकला तर हुकला. तुम्हाला कुठं वाचता येत होतं?

मी लग्न होऊन पुनावळ्याला आले तेव्हा पिंपरीला औषधाचा कारखाना नवा नवा सुरू झाला होता आणि तुमचा धाकटा लेक सायकलवरनं तिकडं कामाला जायचा. मी पार पवनेच्या वरच्या अंगाची. तिथं नदी म्हणजे दगडांवरनं उड्या मारत येणारं पाणी, पोरासोरांनी ओलांडावं एवढंच. तुमच्या दाराशी तीच नदी म्हशीसारखी पसरून पडलेली असायची, आणि तुम्हाला वाटायचं खरी नदी तुमचीच, वरचे लोक नुसतेच तिच्यात पाय धुतात. मला आल्या दिवसापासून डोंगरातली म्हणायचात. माझी भाकरी जाड, माझं बोलणं मोठ्यानं, माझं चालणं बाप्यासारखं. एका सकाळी मी भाकऱ्या थापतेय, थोरल्या जाऊबाई पीठ चाळतायत, तुम्ही चुलीशी. जाऊबाई म्हणाल्या, "तुज्या माहेरी हाय तरी काय गं? नाचणी अन् खेकडं." माझ्या तोंडातून निघून गेलं, "आमच्या डोंगरावरनं समुद्र दिसतो." तुम्ही फुंकणी खाली ठेवली. "व्हय का? मंग मासं बी वरनंच गळ टाकून धरत आसशीला!"

हसून हसून जाऊबाईंच्या हातची चाळण पडली. तिथंच संपलं असतं तर बरं होतं. पण त्या दिवसापासून माझं नाव पडलं समुद्रवाली. तुपाच्या लोटक्याला मांजरानं तोंड घातलं, मी सांगितलं मांजर होतं, तर जाऊबाई म्हणाल्या, "समुद्रवाली म्हणती मांजर व्हतं." म्हशीनं दूध चोरलं असं मी सांगितलं, तर तुम्ही स्वतः गोठ्यात जाऊन म्हशीच्या कासेला हात लावून आलात. मी बोलले की आधी हसायचं आणि मग दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं. नवरा चांगला होता, पण तोही एकदा जेवताना म्हणाला, "खरं सांग, दिसतो का गं?" त्या घासाला मला ठसका लागला. आत्याबाई, मारलं असतं तर मी विसरले असते. घरात आपल्या शब्दाला किंमत नाही म्हणजे आपण नुसतेच भांडी घासायला आलो. आणि खरी गोम अशी की समुद्र मीही पाहिला नव्हता. वडील गुरं घेऊन माथ्यावर जायचे, ते सांगायचे. पोरींना कोण वर नेतंय? पण वडिलांनी सांगितलं म्हणजे ते आहे, एवढं मला पुरत होतं.

दिवाळी झाल्यावर मावळातनं भात आणायला गाडी निघाली. तुमची बहीण वाटेवरच्या गावात दिलेली, तिच्याकडं जाते म्हणून तुम्ही गाडीत बसलात आणि मला म्हणालात, "चल, तू बी बस." मला वाटलं ओझं उचलायला नेतायत. गाडी गावाबाहेर निघाली तशी तुम्ही तोंड उघडलं. "हे बघ. उद्या आपण त्या तुज्या डोंगरावर जायाचं. दिसला तर दिसला. न्हाई दिसला तर तुला तितंच बापाच्या दारात सोडून येनार. थापा मारनारी सून माज्या घरात नको." मी म्हणाले, "बरं." दुसरं काय म्हणणार? बैलांच्या शेपट्या बघत बसले आणि वडिलांची एकेक गोष्ट आठवून बघत होते, त्यातली कुठली खोटी निघाली होती का म्हणून. वाघाची एक निघाली होती.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला आपण बहिणीच्या गावातनं निघालो. फडक्यात भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. पाऊलवाट नदीच्या कडेनं, एका अंगाला तुंग, एका अंगाला तिकोना, दोन्हीच्या मध्ये खोऱ्यात धुकं. भात कापलेलं, खाचरांतनं अजून ओल. माझं माहेर त्याच वाटेवर. गावातनं सरळ गेलो असतो तर ऊन तापायच्या आत माथ्यावर असतो. पण गाव दिसलं मात्र, तुम्ही मटकन खाली बसलात. "हितनं न्हाई जायाचं. हातात नारळ न्हाई, वटीचं काय न्हाई, अंगावर हे जुनेर. आन् मुलाची आई इहिणीच्या दारावरनं चालत जाती? गाव काय म्हनंल?" मी म्हटलं, "आत्याबाई, उशीर झाला तर वर धुरकट होतं, काही दिसत नाही." तुम्ही म्हणालात, "मंग काय दिसायचंच न्हाई म्हनतीस?" झालं. आता काही बोललं तरी मीच खोटी.

तुमच्या मानापायी गाव टाळून आपण नदीत उतरलो. गोटे शेवाळलेले. वहाणा कमरेला खोचल्या, काष्टा गुडघ्याच्या वर ओढला. तुम्ही म्हणालात, "पोटऱ्या झाक गं, कुनी बघंल." मी म्हणाले, "बघणारा खेकडा आहे." आणि तेवढ्यात तुमचाच पाय घसरून तुम्ही कमरेएवढ्या डोहात. मी हात दिला. तुम्ही बाहेर आलात, लुगडं पिळलंत, आणि मग माझ्यापेक्षा वर काष्टा ओढून पुढं चालू लागलात. कारवीच्या रानात शिरलो ती तर तुमच्या डोक्याच्या वर. पदर अडकतोय, बांगड्या अडकतायत, तुम्ही त्या झाडांना शिव्या देताय, मग मला, मग जाऊबाईंना, आणि जाऊबाई तर घरी बसून आपली वाट बघतायत. नाळेच्या तोंडाशी आलो तेव्हा सूर्य डोक्यावर. नाळ म्हणजे डोंगराची उभी चीर, हातापायांनी चढायची. मला वाटलं होतं तुम्ही इथनं परत फिराल. तुम्ही वर बघितलं आणि म्हणालात, "जल्मात मी माळ्याच्या वर कदी चढले न्हाई. पुढं हो." मी पुढं. मागनं तुमचा श्वास भात्यासारखा. मध्येच एकदा मी थांबले तर म्हणता, "का गं, दमलीस? डोंगरातली ना तू?"

माथ्यावर वारा असा की पदर खांद्यावर ठरेना. समोर जमीन एकदम संपलेली आणि खाली कोकण. पण कोकण कुठलं? सगळा धुरळा. जवळच्या टेकड्या दिसतायत, पुढं राखाडी, त्याच्यापुढं काही नाही. मी डोळे ताणून बघतेय. तुम्ही कडेला उभ्या राहिलात, डोळ्यांवर हात धरलात आणि शांतपणे विचारलंत, "कुटं हाय?" तुम्ही ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "वडील म्हणायचे, सकाळी लवकर नाहीतर सूर्य बुडताना." तुम्ही म्हणालात, "सूर्य बुडताना म्हंजी रात हितंच पडनार. खाली उतरून मंग तुज्या आईच्याच दारात जावं लागंल. नारळाबिगर, फाटक्या लुगड्यानं." मी म्हणाले, "हो." तुम्ही एका कातळावर बसलात, फडकं सोडलंत, एक भाकरी माझ्या हातावर ठेवलीत. "खा. बसू."

आत्याबाई, त्या दुपारइतकी मी कधी तुमच्याजवळ बसले नाही. घरात आपण दोघी एका ठिकाणी बसलो की काहीतरी निवडायचं, चाळायचं, सोलायचं असायचं. तिथं काहीच नव्हतं. तुम्ही दोनदा वाऱ्याला म्हणालात, "गप बस." मग उठून कड्याकडं गेलात आणि "ए!" म्हणून हाक मारलीत. डोंगरानं "ए!" म्हणून परत दिली. तुम्ही दचकलात, मग गालात हसलात, आणि मग तुमच्या सासूचं नाव घेऊन जे काही सुरू केलंत! खरकटं उष्टं खायला लावलं ते, दिवस भरलेले असताना दळायला बसवलं ते, सगळं. डोंगर एकेक शिवी परत देत होता आणि तुम्ही त्याच्यावर दुसरी चढवत होता. मी दगडाआड तोंड करून हसत होते. शेवटी घसा बसला तेव्हा तुम्ही येऊन बसलात. "बरं वाटलं," म्हणालात. "कुनाला सांगू नको."

ऊन कलायला लागलं तसा वारा पडला आणि तो धुरळा खाली खाली बसत गेला. एक डोंगर दिसला, त्याच्यामागं दुसरा, मग सपाट रान. मी देवाचं नाव घेत नव्हते, वडिलांचं घेत होते. सूर्य टेकायला आला आणि लांब, अगदी आभाळाच्या बुडाशी, एक बारीक रेघ पेटली. तव्याच्या कडेनं तूप सोडलं की चमकतं ना, तशी. पिवळी होती ती तांबडी झाली आणि लांबत लांबत गेली. तुम्ही माझं मनगट धरलंत, बांगड्या रुतल्या. बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "एवढासाच हाय व्हय?" आणि थोड्या वेळानं, "पन हाय."

त्या "पन हाय"वर माझं पुढचं आयुष्य गेलं, आत्याबाई. नाळ मी उतरले नाही, घसरत, उड्या मारत आले, आणि तुम्हीही माझ्या मागनं बसून बसून उतरलात. दिवेलागण होऊन गेल्यावर आईच्या दारात उभ्या राहिलो. आईनं तुम्हाला बघून तोंडाला पदर लावला. केसांत कारवीची पानं, लुगडं गुडघ्यापाशी फाटलेलं, हातात फक्त रिकामं फडकं. आई म्हणाली, "अगं बया, इहीनबाई, अशा?" मी जीव मुठीत धरून उभी. तुम्ही ओट्यावर बसलात आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "मला समुद्र बघायचा व्हता. तुमच्या लेकीनं दावला." वडील गोठ्यातनं आले, ते नुसतेच मिशीत हसले. तुम्ही त्या दिवशी खेकड्याचा रस्सा दोनदा मागून घेतलात, नाचणीची भाकरी चुरून. मी मोजून बघितलं नाही, पण आईनं आयुष्यभर सांगितलं.

ते गाव आता धरणाच्या पाण्यात आहे. ओटाही, नदीतले गोटेही. मी त्याच्यावर रडले नाही, धरणाचंच पाणी इथं नळाला येतं. पुनावळ्याला परत आलो तेव्हाचं मात्र मला सगळ्यात जास्त आवडतं. गाडी दाराशी आली, जाऊबाई परात घेऊन बाहेर आल्या, शेजारणी आल्या. जाऊबाई म्हणाल्या, "काय समुद्रवाली, दिसला का?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही गाडीतनं उतरलात. "दिसला. आन् आजपास्नं ही म्हनंल ते हाय. मांजर म्हनली तर मांजर. समजलं?" जाऊबाईंची परात हातात तशीच. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "नुसतं पानी?" आणि तुम्हाला राहवलं नाही. "नुसतं कसं? जहाजं व्हती. शिडाची. दोन." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या घरात पहिल्यांदा तुमचं खरं-खोटं करायला मला विचारत होते. मी भाताचं पोतं उचललं आणि म्हणाले, "व्हय. दोन व्हती."

हे पत्र पाठवायचं कुठं? पोस्टमन यायचा नाही तिकडं. आणि आला तरी वाचून कोण दाखवणार तुम्हाला? तेव्हा कागद इथंच राहतोय. पण आता तुम्ही ऐकायला नाही म्हणून एकदा सांगून टाकते: जहाजबिहाज काही नव्हतं, आत्याबाई. मी डोळे फाडून बघत होते, मला माहीत आहे. पण रात्री नातीला सगळं सांगायचंय. तिनं विचारलं तर मी दोन म्हणणार नाही, तीन म्हणणार आहे.