चौथा सड

प्रिय धाकट्या,

गेल्या महिन्यात तुझं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांबडीची धार काढली आणि नेहमीसारखा उठलो नाही. तसाच बसून राहिलो. ते का, हे सांगायला आज कागद घेतलाय. पण आधी इकडचं. गोठ्याचं छप्पर नवं झालं. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे, म्हणजे ती पुन्हा माझ्यावर डाफरायला लागली आहे.

तू पाठवलेला देशोदेशींच्या दुधाचा तक्ता दूध केंद्राच्या भिंतीवर लावला. एकूण दुधात आपला देश वरच्या ओळीत पाहून सगळ्यांच्या माना ताठ झाल्या. मग मास्तरांनी शेजारचा रकाना वाचला, एका गाईमागे दूध किती, आणि आपण पार तळाशी. तू कामाला गेलास तो देश तिथे सगळ्यांच्या वर. तुझ्याकडच्या गोठ्यात गाय धार काढायच्या यंत्राला उभी राहते आणि दिवसाला तीस लिटर देते. खाली तू लिहिलं होतंस, "दादा, तुम्ही गर्दी जमवून नंबर काढलात." सगळे हसले, मीही हसलो. पण ते लागलं रे. तुला धार काढायला मीच शिकवलं होतं.

तांबडीचे मी तुला कायम नऊ लिटर कळवत आलो. मागच्या पत्रात बारा कळवले. तू ते कामाच्या जागी फळ्यावर लिहिलेस, माझ्या दादाने हाताने काढलेले म्हणून सगळ्यांना दाखवलेस. तू पाठवलेल्या फोटोत तुझा चेहरा इतका फुललेला होता की खरं कळवायचं मी टाळलं.

गाय तीच, चाराही तोच. आई मला धारेला बसवताना सांगायची आणि मीही तुला तेच शिकवलं, "तीन सड आपले, चौथा वासराचा." ती गेल्यावरही इतकी वर्षं मी तीन काढून उठत आलो. तुझं पत्र आल्यावर, त्या सकाळपासून चौथाही काढू लागलो. वासरू रिकाम्या सडाला ढुशा देत राहायचं. धारेआधी मी नेहमीसारखे गाईला हात जोडायचो, पण डोळे मिटत नव्हते. परवा तुझी वहिनी एवढंच म्हणाली, "दूध वाढलं खरं, पण वासराच्या बरगड्या दिसायला लागल्या."

आज सकाळी तीन सड काढले, उठलो आणि वासराला सोडलं. तोंडाला फेस येईपर्यंत प्यालं. मी तिथेच उभा राहून हात जोडले, आणि डोळे आपोआप मिटले. म्हणून आता फळ्यावरचे बारा पूस आणि नऊ लिही. उरलेले तीन कुठे गेले असं कुणी विचारलं, तर सांग. तुला ते माझ्याइतकंच ठाऊक आहे.

तुझाच,
दादा