रोज सात मिनिटं

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगाचा सराव झालाय. तुम्ही दिलेल्या घड्याळाचा स्क्रू शोधत परवा तासभर त्याच आसनात होतो.) मामींची कंबर कशी आहे? मी ठणठणीत, फक्त काळजाचं विचारू नका.

घड्याळ माझ्या मनगटावर बांधताना तुम्ही म्हणाला होतात, "हे खोटं बोलत नाही." मी तो शब्द धरून बसलो. खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय म्हणून त्याचा सेल दोनदा बदलला. आणि वाचनालयात पुस्तकं देणारी ती (तुम्हाला कळलं असेलच, ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही) रोज पावणेसहाला टपालपेटीजवळ भेटते, ती सोमवारी सात मिनिटं उशिरा आली, मंगळवारी चौदा, बुधवारी एकवीस. प्रेम आटत चालल्याचा याहून धडधडीत पुरावा कोणता? गुरुवारी अठ्ठाविसाव्या मिनिटाला माझं डोकं फिरलं आणि भर रस्त्यात नको ते बोललो. ती एवढंच म्हणाली, "आधी घड्याळ दाखव कुणाला तरी. मग डोकं."

ते लागलं. घड्याळ उताणं ठेवून पाहिलं, पालथं ठेवून पाहिलं, चावी कमी दिली, शेवटी सुरीच्या टोकाने झाकण उघडलं. (स्क्रू सापडला. सुरी वाकली.) मग कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या आजोबांकडे गेलो. त्यांनी होकायंत्र जवळ नेलं तर सुई गरगरायला लागली. "चुंबक लागलाय याला. आतली केसासारखी स्प्रिंग चिकटली की घड्याळ पळत सुटतं. ठेवतोस कुठे हे?"

मामा, स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात काम करताना तुमच्या वस्तूवर ओरखडा येऊ नये म्हणून ते रोज काढून, फडक्याची घडी करून, सगळ्यात मोठ्या स्पीकरच्या चुंबकावर ठेवत होतो. इतक्या आदराने कुणी घड्याळ बिघडवलं नसेल! आजोबांनी ते एका यंत्रावरून दृष्ट काढल्यासारखं फिरवलं आणि ते ताळ्यावर आलं. मी तिला चिठ्ठी लिहिली, 'चूक घड्याळाची.' ती फाडली. दुसरी लिहिली, 'चूक माझी.' ती पाठवली. उत्तर नाही.

तुमचा, डोकं अजून कुणाला न दाखवलेला,
भाचा

ता. क. हो, स्पीकरचं दुकान. सरांशी वाजलं, कॉलेज सोडून चार महिने झाले. बाबांना तुम्हीच सांगा. त्यांचं डोकं माझ्यावरच गेलंय, तेव्हा जेवण झाल्यावर सांगा.

ता. क. पुन्हा. पाकीट परत उघडलंय. पत्र टाकायला टपालपेटीशी गेलो, तेव्हा पावणेसहाच वाजले होते. थांबलो. ती आली, या वेळी खरोखरच वीस मिनिटं उशिरा. म्हणाली, "फार वेळ थांबलास?" मी म्हटलं, "छे गं, माझं घड्याळच पुढे आहे."